उत्तर बरोबर, रीत चूक

भांडण कशावरून आहे ते आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पुढे वाचायचं नाही त्यांची सुटका होईल. संगणकावर आगगाडी चालवायचे जे कार्यक्रम असतात, ज्यांना ट्रेन सिम्युलेटर म्हणतात, त्यांच्यासाठी हौशी लोक घरबसल्या इंजिनं बनवतात. माझं म्हणणं असं, की वाफेचं इंजिन बनवायला बसलेल्या माणसाने ते चालतं कसं हे आधी समजून घ्यावं आणि तसंच चालणारं बनवावं. तेवढं जमणार नसेल तर त्याने त्याला मॉडेल म्हणू नये, चित्र म्हणावं. चित्र काढण्यात कमीपणा नाही. पण चित्राला इंजिन म्हणून खपवणं ही फसवणूक आहे, आणि हल्ली ती इतकी सर्रास चालते की कुणाला फसवल्यासारखंही वाटत नाही.

नातेवाईकांसाठी थोडी पूर्वपीठिका. २०२०च्या टाळेबंदीत भाच्याने मला फोनवरून ब्लेंडर नावाचा फुकट मिळणारा कार्यक्रम शिकवला. त्यात वस्तूंचे घनाकार तयार करता येतात. तेव्हापासून मी त्यात शे जातीचं इंजिन बनवते आहे. (शे हे आडनाव आहे, शंभरातलं नव्हे.) अमेरिकेतल्या जंगलांतून लाकडाचे ओंडके उतरवायला ही इंजिनं वापरत. आमच्या थोरल्या जाऊबाईंचं मत असं, की या वयात माणसाने जप करावा. वन्सं म्हणतात, मराठी माध्यमातून बीए झालेल्या बाईला यंत्रातलं काय कळणार. दोघींचाही मी आदर करते. पण जप आणि हे काम एकाच जातीचं आहे, लक्ष दुसरीकडे गेलं की मणी चुकतो. आणि यंत्राचं म्हणाल तर घरातलं पायाचं शिवणाचं मशीन मी चाळीस वर्षं स्वतः उघडलं, पुसलं, तेल घालून पुन्हा जोडलं. इंजिन त्याच्याच कुळातलं.

आता शे इंजिनाविषयी, कारण भांडण त्याच्या पोटात आहे.

इफ्राइम शे हा मिशिगन राज्यातला लाकूडवाला, स्वतःची आरा गिरणी असलेला. त्या काळी तोडलेले ओंडके घसरगाड्यांवरून ओढून आणत, आणि त्याला बर्फ लागे. बर्फ वितळलं की काम बंद. वर्षभर काम चालावं म्हणून त्याने लाकडाचे रूळ टाकून बघितले, पण नेहमीच्या धाटणीचं इंजिन त्यावर घातलं की रुळांची वाट लागायची. म्हणून त्याने वेगळ्याच रचनेचं इंजिन तयार केलं. ओहायो राज्यातल्या लायमा गावच्या कारखान्याने १८८० साली तसं पहिलं इंजिन बांधलं, १८८१ साली शेला पेटंट मिळालं, आणि १९४५ पर्यंत त्या एका कारखान्यातून पावणेतीन हजारांवर शे इंजिनं बाहेर पडली.

यात वेगळं काय? नेहमीच्या वाफेच्या इंजिनात दोन बाजूंना दोन आडवे सिलिंडर असतात. त्यातले दट्ट्ये लांब दांड्यांनी थेट मोठ्या चाकांना फिरवतात. शे इंजिनात सिलिंडर उभे असतात, बहुधा तीन, आणि तिन्ही एकाच बाजूला, उजवीकडे, ड्रायव्हरच्या खोलीच्या जरा पुढे. त्यांचं वजन एका अंगाला पडतं म्हणून बॉयलर मधोमध न ठेवता डावीकडे सरकवलेला असतो. समोरून पाहिलं तर इंजिन कडेवर मूल घेतलेल्या बाईसारखं एका बाजूला कललेलं वाटतं. दट्ट्ये खालचा क्रँक फिरवतात. क्रँकपासून पुढे आणि मागे एक लांब दांडा जातो. एसटी गाडीच्या पोटाखाली फिरणारा दांडा तुम्ही पाहिला असेल, तसाच, मध्ये मध्ये हलते सांधे असलेला. हे सांधे असल्यामुळे वळणावर बोगी वळली तरी दांडा फिरतच राहतो. या दांड्यावरची लहान दातेरी चक्रं उजव्या चाकांच्या बाहेरच्या अंगाला बसवलेल्या मोठ्या दातेरी चक्रांना फिरवतात. अशा रीतीने प्रत्येक बोगीतलं प्रत्येक चाक ओढतं. पाणी आणि कोळशाचा टेंडर बोगीवर असेल तर तीही चाकं ओढतात. इंजिनाचं सगळं वजन ओढण्याच्या कामी येतं, फुकट बसून कुणी जात नाही.

तीन सिलिंडर कशाला, याचं उत्तर शिवणाच्या मशीनपाशी मिळतं. पायडल अगदी वर किंवा अगदी खाली असताना मशीन थांबलं तर नुसता पाय दाबून ते सुरू होत नाही, हाताने चाकाला धक्का द्यावा लागतो. प्रत्येक दट्ट्याच्या नशिबी अशा दोन अडणाऱ्या जागा असतात. एकच दट्ट्या असेल तर इंजिन तिथे अडून बसेल. नेहमीच्या इंजिनात दोन असतात, एक अडला तर दुसरा ओढतो. शे इंजिनात तीन, फेऱ्याचे तीन सारखे भाग करून, १२० अंशांवर बसवलेले. एक अडतो तेव्हा उरलेले दोघं ओढत असतात. त्यामुळे ओढ जवळजवळ सलग मिळते, हिसके बसत नाहीत, चाकं घसरत नाहीत. शंभर फूट जाताना अकरा फूट चढायचं असेल, रूळ ओले असतील, मागे ओंडके असतील, तेव्हा या सलगपणावर माणसांचे जीव अवलंबून असतात. तुलनेसाठी सांगते, आपल्या बोरघाटाचा सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांत एक फूट आहे आणि माथेरानचा २० फुटांत एक. वेस्ट व्हर्जिनियातल्या कॅसच्या जंगल रेल्वेवर तो सुमारे नऊ फुटांत एक इतका आहे.

आता हिशोब करू. पाटी-पेन्सिल घ्या.

वाफ दट्ट्याला दोन्ही बाजूंनी ढकलते, म्हणून क्रँकच्या एका फेऱ्यात प्रत्येक सिलिंडर दोनदा "फुस्" करतो. तीन सिलिंडर, सहा फुस्. पण क्रँक आणि चाक यांच्यात दातेरी चक्रं आहेत. चाकाचा एक फेरा होईपर्यंत क्रँकचे दोन ते तीन फेरे होतात, इंजिनागणिक आकडा बदलतो. दोनच धरा. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात किमान बारा फुस्. नेहमीच्या दोन सिलिंडरांच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला चार. त्यात शे इंजिनाचं चाक लहान, ३६ इंच व्यासाचं धरलं तर परीघ तीन मीटरला थोडा कमी. ताशी दहा किलोमीटर वेगाला हे चाक सेकंदाला साधारण एक फेरा करतं, म्हणजे सेकंदाला बारा फुस्. एवढे फुस् करायला सहा फुटी चाकांच्या एक्सप्रेस इंजिनाला ताशी साठाच्या वेगाने धावावं लागेल. डोळे मिटून ऐकलंत तर डाकगाडी भरधाव चालली आहे असं वाटावं, आणि डोळे उघडले तर बाजूने चालणारा माणूस तिच्या पुढे जात नाही इतकंच. २०१८ साली लेकीकडे पिट्सबर्गला गेले होते तेव्हा जावईबापूंनी कॅसला नेलं होतं. तिथे १९०५ साली बांधलेलं पाच नंबरचं शे इंजिन अजून काम करतं. त्याच्या आवाजाचं आणि वेगाचं हे व्यस्त नातं हाच त्या यंत्राचा स्वभाव आहे. तो काढून घेतला तर उरतं काय?

उरतं ते सांगते. गेल्या वर्षी मी कुणा कसबी माणसाने बनवलेलं शे इंजिन संगणकावर उतरवून घेतलं. कसबी मुद्दाम म्हणते, उपरोधाने नाही. एकेक रिव्हेट मोजून बसवलेला. गंजाचे ओघळ असे, की हात लावला तर बोटाला लागतील. ड्रायव्हरच्या बाकावर पडलेला हातमोजासुद्धा होता. आणि ते चालवायला घेतलं तर ताशी सत्तरने पळालं! दर फेऱ्याला चार फुस्, म्हणजे कुठल्या तरी दोन सिलिंडरी इंजिनाचा आवाज उचलून चिकटवलेला. बॉयलर बरोबर मध्यभागी. बाजूचा दांडा फिरत होता, पण चाकाच्या दातेरी चक्राशी त्याचा काही संबंध नव्हता, दोघं आपापल्या नादात. सत्तरच्या वेगाला खऱ्या शे इंजिनाचा क्रँक मिनिटाला आठशे-हजार फेरे करील. करील कसला, त्याआधीच दट्ट्ये आणि दांडे निखळून रानात पडलेले असतील. खरं इंजिन ताशी वीस-पंचवीसच्या पुढे जायचं नाही, कारण ते त्यासाठी नव्हतंच.

हे काय झालं आहे? उघड आहे. इंजिनाचं बाह्यरूप एका फाइलमध्ये असतं आणि त्याचा स्वभाव दुसऱ्या. ही दुसरी फाइल नुसता मजकूर असते, नोटपॅडमध्ये उघडते. सिलिंडर किती, व्यास किती, बॉयलरचा दाब किती, वजन किती असे आकडे तिच्यात भरायचे. बाह्यरूपावर दोन वर्षं घालवायची आणि ही फाइल दुसऱ्या कुठल्या इंजिनाची आणून नाव बदलून ठेवायची, असा हा धंदा आहे. २००१ साली मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर आला तेव्हा त्यात दातेरी इंजिनासाठी वेगळी सोय नव्हती, तेव्हाच्या लोकांना दोष देणार नाही. पण आज ओपन रेल्स या फुकट मिळणाऱ्या सिम्युलेटरमध्ये इंजिन दातेरी आहे का, गुणोत्तर किती, दट्ट्याचा जास्तीत जास्त वेग किती, हे भरायला सरळ जागा ठेवलेल्या आहेत. जागा आहे, माहिती उपलब्ध आहे, जुनी छायाचित्रं आणि कारखान्याच्या याद्या आहेत, शंभरेक शे इंजिनं अजून जगात शिल्लक आहेत. नाही ती फक्त इच्छा.

मी शाळेत इतिहास-भूगोल शिकवला, पण शिक्षक कमी पडले की पाचवी-सहावीचं गणित माझ्या गळ्यात पडायचं. गणिताच्या पेपरात उत्तराला गुण असतात तसे रीतीलाही असतात. शेजारच्याचं बघून लिहिणाऱ्या मुलाचं उत्तर बरोबर येतं आणि रीत भलतीच असते, किंवा नसतेच. अशा वहीवर मी उत्तराभोवती गोल करून "हे कुठून आलं?" असं लिहीत असे. मुलगा वर्गात हुशार ठरायचा, घरचे खूश असायचे, आणि पुढच्या इयत्तेत संख्या बदलल्या की त्याचं तारू बुडायचं. या मॉडेलांच्या बाबतीत मला तेच दिसतं. बाहेरून उत्तर बरोबर. रीत विचारली की पाटी कोरी.

यावर मला मिळणारं ठरलेलं उत्तर म्हणजे, "अहो, खेळच तर आहे!" हे वाक्य मला फार खटकतं. खेळ म्हणूनच तर नियम पाळायचे. बुद्धिबळातला घोडा अडीच घरं जातो. त्याला हस्तिदंती बनवा, नक्षी करा, आणि मग उंटासारखा तिरपा चालवा. कोण म्हणेल खेळच तर आहे? सिम्युलेटर या शब्दाचा अर्थच मुळी तसं वागून दाखवणारा असा आहे. तसं दिसून दाखवणाऱ्याला आपल्याकडे बहुरूपी म्हणतात, आणि बिचारा बहुरूपीसुद्धा पोलीस झाला की पोलिसासारखा वागून दाखवतो!

दुसरं उत्तर, "आत कोण बघतंय?" मी बघते. आणि उद्या बघणारं पोर बघणार आहे. ही इंजिनं रोजीरोटीसाठी चालवणारे ड्रायव्हर आणि फायरमन बहुतेक गेले. कॅसच्या रेल्वेवरची लाकूडवाहतूक १९६० साली बंद पडली, १९६३ पासून तिथे प्रवाशांच्या हौसेसाठी गाडी चालते. किती पोरांना तिथे जाता येणार? सांगलीतल्या पोराला तर नाहीच. त्याला शे इंजिन कळणार ते पडद्यावरूनच. तिथे त्याने ते सत्तरने पळताना पाहिलं तर त्याच्या डोक्यात कायमचं तेच बसणार. मग या माणसांनी एवढा खटाटोप करून एका बाजूला तीन सिलिंडर का लावले हा प्रश्नच त्याला पडणार नाही. चुकीचं पाठ झालेलं पुसायला नवीन शिकवण्याच्या दुप्पट मेहनत लागते, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा.

म्हणून तडजोड करूच नये असं माझं म्हणणं नाही. उदाहरणार्थ, या सिम्युलेटरमध्ये दांड्यांच्या हालचालीचं आवर्तन चाकाच्या एका फेऱ्याशी बांधलेलं असतं. गुणोत्तर अपूर्णांकात असेल तर चाकाचा फेरा संपताना क्रँक अध्येमध्येच असतो आणि प्रत्येक फेऱ्याला उडी मारतो. ती उडी टाळायला पडद्यावरच्या हालचालीपुरता पूर्णांक घ्यावा लागतो. मी घेतला. पण ओढीच्या हिशोबात खरं गुणोत्तर ठेवलं, आणि इंजिनासोबतच्या माहितीपत्रकात पहिल्याच ओळीत लिहिलं की अमुक ठिकाणी दिसतं ते खरं नाही, कारण हे. तडजोड लिहून ठेवली की ती तडजोड राहते. लपवली की तिची लबाडी होते. एवढा साधा फरक आहे.

आणि आता ज्या मुद्द्यावर माझं सगळ्यात जास्त डोकं तापतं तो मुद्दा. पुष्कळ जण अशा इंजिनाबरोबर मार्गही बनवतात. डोंगर, रूळ, ओढे, पूल. आणि रुळाच्या दोन्ही बाजूंना काय लावतात? घनदाट हिरवंगार जंगल! अहो, लाकूडतोडीची रेल्वे आहे ना? ज्या उतारावर इंजिन वर चढतं आहे तो उतार तोडून झालेला असणार. तिथे बुंधे हवेत, वाळलेल्या फांद्यांचे ढीग हवेत, उघडी माती हवी. वेस्ट व्हर्जिनियातलं मूळचं जंगल १९२०च्या सुमारास जवळजवळ संपलं होतं. मागे राहिलेल्या वाळक्या पाल्याला ठिणगी लागली की वणवे पेटत. डॉली सॉड्स नावाच्या पठारावर तर झाडांखालचा कुजलेल्या पानांचा थर जळून खाली खडक उघडा पडला. उघड्या डोंगरांवरून येणारे पूर पाहून १९११ साली अमेरिकेच्या सरकारला पाणलोटाच्या जमिनी विकत घेण्याचा कायदा करावा लागला, आणि त्याच्या आधारे १९२० साली तिथे मोनोंगाहेला राष्ट्रीय वन उभं राहिलं. आज कॅसच्या गाडीतून जे रान दिसतं ते नंतर पुन्हा वाढलेलं आहे. म्हणून कुणी आजची प्रवासी गाडी दाखवणार असेल तर लावावी झाडं, जरूर लावावी. पण मार्गाला १९१० साल असं नाव द्यायचं आणि दोन्ही बाजूंना रान ठेवायचं, हे भूगोलाच्या शिक्षिकेला सहन होत नाही.

आमचे एक स्नेही म्हणाले, मग झाडं खाणाऱ्या यंत्राचं कौतुक करताच कशाला? कौतुक नाही करत. समजून घेते. कॅसच्या डोंगरावरच्या तांबड्या स्प्रूसचा कागद व्हायचा, आणि मी आयुष्यभर कागदावरच पोट भरलं. यंत्र किती हुशारीने केलेलं होतं आणि त्या हुशारीने डोंगर किती लवकर बोडका झाला, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. नुसती हुशारी दाखवली तर ती जाहिरात. नुसता बोडका डोंगर दाखवला तर इतकं लाकूड खाली आलं कसं तेच कळणार नाही. दोन्ही एकाच पडद्यावर असली तर पोर आपोआप विचारील, मला सांगावं लागणार नाही.

"आपली बार्शी लाइट सोडून अमेरिकेचं इंजिन का?" असं विचारणारेही आहेत. बार्शी लाइट माझ्या यादीत आहे. पण शे इंजिनाचं सगळं यंत्र बाहेर, एका बाजूला, उघड्यावर आहे. सिलिंडर, क्रँक, दांडा, सांधा, दाते, चाक, एकापाठोपाठ एक, फळ्यावर आकृती काढावी तसं. शिकायला आणि शिकवायला याहून सोपं इंजिन मला सापडलं नाही. ज्ञानाला माहेर-सासर नसतं. आणि ज्या ढिलाईने परदेशी इंजिनाची कातडी तेवढी बनवली जाते, त्याच ढिलाईने उद्या बार्शीचंही इंजिन बनेल. तेव्हा मी जास्त भांडेन.

म्हणून सिम्युलेटर चालवणाऱ्या तुमच्या मुला-नातवंडांसाठी, आणि त्यांच्या मॉडेलांना "अप्रतिम" म्हणणाऱ्या सगळ्यांसाठी, तीन प्रश्न देऊन ठेवते. स्तुती करण्याआधी विचारा. एक, याचा जास्तीत जास्त वेग किती आणि तो तेवढाच का? दोन, चाकाच्या एका फेऱ्याला किती फुस् होतात? मोजून बघा, कान सगळ्यांना असतात. तीन, यात जे खरं नाही ते बनवणाऱ्याने कुठे लिहून ठेवलं आहे? तिन्हीची उत्तरं मिळाली तर रिव्हेट दोन कमी असले तरी मनापासून पाठ थोपटा. नाही मिळाली तर गंज कितीही छान रंगवलेला असो, वहीवर गोल करा आणि लिहा, "हे कुठून आलं?"

माझं इंजिन अजून पुरं झालेलं नाही. मागच्या बोगीचे सांधे बाकी आहेत, आणि माझ्या डोळ्यांना दिवसाला दोन तासांच्या वर पडदा सोसत नाही. दिवाळीपर्यंत होईल असा अंदाज आहे. झालं की फाइल सगळ्यांना देईन, आकड्यांसकट. ज्यांना आकडे तपासायचे आहेत त्यांनी जरूर तपासावे. जाऊबाईंना आकड्यांत रस नाही, पण त्यांना नऊ फुटांत एक फूट असलेल्या चढावर मी स्वतः गाडी चालवून दाखवणार आहे. जपमाळ घेऊन बसल्या तरी चालेल, वेग तेवढाच आहे.